दोन व्याह्यांची निवड समिती

मुलीच्या वडिलांचं पत्र, १२ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

परवा तुमच्या बाल्कनीत आपण संघ निवडायला बसलो आणि सलामीच्या जोडीपर्यंत पोचतो न पोचतो तोच आतून जेवायची हाक आली. जेवण, मग आवराआवर, मग माझी गाडीची वेळ. अर्धवट राहिलेलं काम मला झोपू देत नाही. दुकानात एखाद्या फ्रेमचा स्क्रू राहिला तर मी ओढलेलं शटर पुन्हा उघडतो, हवं तर तुमच्या सूनबाईला विचारा. फोनच केला असता, पण तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि ज्यांना ऐकू येतं त्या विहीणबाईंना क्रिकेटचा कंटाळा आहे असं आपण दोघं धरून चालतो. म्हणून पत्र.

नियम मी सुचवतो. जगातल्या थोरामोठ्यांचा संघ पेपरात रोज कुणी ना कुणी निवडतच असतं, त्यांना आपली गरज नाही. आपण आपल्या जुन्या कामगार लीगचा निवडू. रविवार, पन्नास षटकं, एका दिवसात निकाल. ज्याला आपण दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी खेळताना पाहिलंय तोच घ्यायचा, ऐकीव कीर्ती चालणार नाही. तेव्हा आपली ओळख नव्हती खरी, पण तुम्ही पाण्याच्या टाकीकडून बघायचात आणि मी कुंपणाकडून, हे पोरांचं लग्न ठरवायच्या बैठकीत कळलं, आणि पुढची सगळी बोलणी पोरांनाच करावी लागली, आठवतंय ना? तर, एकाने नाव सुचवायचं. दुसऱ्याला पटलं नाही तर परत पाठवायचं, पण कारण देऊन. कारणाशिवाय परत नाही.

सलामीला माझी दोन नावं. एक, वीज कंपनीचा तारवाला. आठवडाभर खांबावर, त्यामुळे रविवारी जमिनीवर आला की सुटायचाच. दुसरा, शिक्षकांच्या संघातला मास्तर. एक टोक लावून धरणारा माणूस हवाच.

बाकी ठीक. मुलगी शनिवारी इथे आली. महिनाभर राहते म्हणते. जावईबापूंना कामाचा रेटा असेल. मला बरंच आहे, तिची आई गेल्यापासून या घरात दिवे वेळेवर लागत नव्हते, आता लागतात.

आपला व्याही,
चष्मेवाला

मुलाच्या वडिलांचं पत्र, २४ जानेवारी

व्याही, नमस्कार.

पाकिटावर माझ्या नावाआधी 'सदस्य, निवड समिती' लिहिलंत, तेव्हापासून पोस्टमन मला वाकून पत्र देतो. हिने विचारलं, कसली समिती? मी म्हटलं, पाणीपुरवठ्याची, जुनी. तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मीच विषय बदलला.

नियम मान्य. तारवाला मान्य. मास्तर परत. कारण देतो. मास्तर हा पाच दिवसांचा माणूस आहे, त्याला एका दिवसात कोंबू नका. एकदा सकाळी पाणी मागवलं तेव्हा तो शून्यावर होता, जेवणाला गेले तेव्हाही शून्यावरच. मधल्या वेळात त्याने खेळपट्टीवरचे खडे तेवढे वेचले. त्याच्या जागी माझा उधळ्या. बँकेचा कॅशियर. काउंटरवर एकेक नोट तीनतीनदा मोजायचा आणि मैदानात आला की सगळं उधळायचा. दहा षटकं टिकला तरी आपलं काम झालं.

कीपर म्हणून टपाल खात्याचा घुम्या. त्याच्या ग्लोव्हजमध्ये चेंडू गेला की आवाजसुद्धा यायचा नाही. मी तेवीस वर्षं पाण्यात क्लोरीन किती ते बघितलं, लोकांनी मला नावही तेच पाडलं. ज्याच्यात काही जास्त नाही आणि काही कमी नाही असा एकच माणूस मी पाहिला, तो घुम्या.

सूनबाई तिकडे आहे हे चिरंजीवांनी सांगितलं. ऑफिसचं प्रशिक्षण आहे म्हणाला. तुम्ही म्हणता जावयाला कामाचा रेटा. तो तर गेले पंधरा दिवस सहाच्या ठोक्याला घरी येतोय आणि खिडकीत उभा राहतोय. असेल काहीतरी.

आपला व्याही,
क्लोरीन

मुलीच्या वडिलांचं पत्र, ९ फेब्रुवारी

व्याही, नमस्कार.

प्रशिक्षण वगैरे काही नाही. दोन बॅगा आणल्यात. पहिलीत आत्ताचे कपडे आहेत आणि दुसरीत उन्हाळ्याचे. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवते, संध्याकाळी दुकानात येऊन बसते, गिऱ्हाइकांना फ्रेम दाखवते. फ्रेम माझ्यापेक्षा जास्त खपवते, हेही सांगून टाकतो.

उधळ्या घेतला. नाइलाजाने. मास्तर माझ्या मनात राहील.

घुम्या मात्र परत. माणूस सोन्यासारखा, पण तुम्हाला तो गिरणीविरुद्धचा सामना आठवत नाही का? बॅटची कड लागली, याने झेल घेतला आणि चेंडू गुपचूप परत टाकला. फलंदाज तसाच उभा राहिला आणि पन्नास करून गेला. झेल होता हे या पठ्ठ्याने संध्याकाळी चहा पिताना सांगितलं! 'मला वाटलं सगळ्यांना दिसलं असेल,' म्हणे. अहो, तोंड उघडलंच नाही तर पंचाला कळणार कसं? एका दिवसाच्या खेळात इतकी सज्जनता परवडत नाही. त्याच्या जागी बस डेपोचा पोपट घ्या. कंडक्टर होता, मागून सतत चालू असायचा, पण सगळ्यांना जागं ठेवायचा.

तिसऱ्या क्रमांकाला बंदराच्या दवाखान्यातला डॉक्टर. त्याला तुम्ही परत पाठवूच शकत नाही.

आपला व्याही,
चष्मेवाला

मुलाच्या वडिलांचं पत्र, २ मार्च

व्याही, नमस्कार.

डॉक्टर मान्य. पोपट परत. त्याने दुसऱ्या संघाला कधी घाबरवलं नाही, आपल्याच गोलंदाजाला मात्र रडवलं. गिरणीचा तो पोरगेला फिरकीवाला पाहुणा म्हणून डेपोकडून खेळला होता, चहाच्या वेळी डोळे पुसत होता, मी टाकीकडून पाहिलंय. मागून कुणी सतत बोलत असलं की हातातला चेंडूही आपला वाटत नाही. तुम्ही घुम्याला नको म्हणता, मी पोपटाला. कीपरचं शेवटी बघू, त्यावाचून आत्ता काही अडत नाही.

गोलंदाजीला सुरुवात करू. बॉयलरवरचा इंजिन, नव्या चेंडूसाठी. आणि लेग स्पिनला कंपाउंडर.

आता दुसरं. रविवारी चिरंजीवांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. वेगळे होतायत. दोघांनी मिळून ठरवलंय, वकीलसुद्धा एकच केलाय. हिने विचारलं, भांडण कशावरून झालं? तो म्हणाला, भांडण नाही. मग? मग काही नाही. इतकं बोलून तो पाणी प्यायला आत गेला आणि तिकडेच राहिला.

ही दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती रागावूनच. तुमची मुलगी हट्टी आहे असं तिचं म्हणणं. मी काही म्हणत नाही. मला काय म्हणावं हेच कळत नाही, खरं सांगायचं तर. माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी चार वर्षं सूनबाई बदलायची. आता मी बदलतो. ती बारीक चकती बोटातून निसटते आणि पलंगाखाली जाते, मग मी तिथे वाकून शोधत बसतो. तुम्हाला आधीच माहीत होतं का? असलं तरी मी काही म्हणत नाही.

आपला व्याही,
क्लोरीन

मुलीच्या वडिलांचं पत्र, ११ एप्रिल

व्याही,

मला माहीत नव्हतं. तुमच्या पत्राने कळलं. मग मी तिला विचारलं आणि ती हो म्हणाली.

पण आजचं पत्र त्यासाठी नाही. परवा विहीणबाईंचा फोन आला, माझ्या मुलीला. 'आमच्या घरात तुला काय कमी पडलं? चार वर्षांत एक दिवस तरी मनापासून राहिलीस का?' दुकानात गिऱ्हाईक होतं. ती 'हो आई, हो आई' करत फोन धरून उभी राहिली, मग फोन ठेवला, गिऱ्हाइकाची फ्रेम पुसून दिली, पैसे घेतले, आणि मागच्या खोलीत जाऊन नळ सोडून बसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

हट्टी आहे म्हणता? आहेच. पुस्तक हातभर लांब धरून वाचणाऱ्या विहीणबाईंना तिनेच हट्टाने गाडीत बसवून माझ्या दुकानात आणलं होतं. तो चष्मा अजून नाकावर असेल तर म्हणावं, त्यातून एकदा जरा नीट बघा.

आणि तुम्ही! 'मी काही म्हणत नाही' हे एका पत्रात दोनदा लिहिलंत. तुम्हीही घुम्याच निघालात. झेल घ्यायचा आणि चेंडू गुपचूप परत टाकायचा. माझ्या पोरीला तुमच्या घरी बोल लावला जातो तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंत.

सहाव्या क्रमांकाला गोदीचा हमाल. पटला नाही तरी परत पाठवू नका, मी ऐकणार नाही.

चष्मेवाला

मुलाच्या वडिलांचं पत्र, २० जून

व्याही, नमस्कार.

हमाल मान्य. तुम्ही न दटावताही मान्यच होता. त्याने मारलेला चेंडू आमच्या टाकीत पडला होता, तो काढायला मला सरकारी परवानगी घ्यावी लागली होती.

पत्राला उशीर झाला. मी लिहायला बसलो की ही चहा घेऊन यायची आणि समोरच बसायची. आज ती डोळे दुखतात म्हणून पडली आहे.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. मी तिला बोललो. आवाज चढवून बोललो. यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे किती चढला ते मला कळलं नाही, पण शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. ती ऐकत राहिली. मग रडली. म्हणाली, फोन केला ते चुकलं. पण मग तिने एक कायदाच करून टाकला. सप्टेंबरात कोर्टाचा निकाल लागेल. त्यानंतर त्या घराशी कागदाचाही संबंध ठेवायचा नाही. 'पोरगा मोकळा होतोय ना, मग आपणही मोकळं व्हायचं. रोज उठून ते पाकीट दारात नको.' मी हो म्हटलं, व्याही. तिला फार लागलंय. सून गेल्याचं लागलंय, आणि रागवायला समोर कुणी नाही याचंही. तिच्या हातात एवढा एक कायदाच उरलाय, तो मी कसा मोडू?

म्हणजे आपल्याकडे सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. त्यानंतर आपण एकमेकांचे कोण, याचा मी खूप विचार केला. खेळणं सोडलं की माणूस माजी खेळाडू होतो. माजी व्याही असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. नोकरी संपल्यावर मला एकच मित्र मिळाला आणि तो मुलाच्या लग्नातून मिळाला. लग्न परत करताना तोही परत करावा लागेल असं वाटलं नव्हतं. मला वाईट वाटतंय. हे मी म्हणतोय, आता तरी घुम्या म्हणू नका.

घाई करायला हवी. डेपोच्या जुळ्यांपैकी धाकटा, पाचव्या क्रमांकाला. धाकटा की थोरला, हा वाद घालू नका, पंचांनाही कधी कळलं नाही, आणि एक बाद झाल्यावर दुसरा त्याच बॅटनिशी पुन्हा येतो असा संशय होताच. मधल्या षटकांसाठी गिरणीच्या लाँड्रीतला इस्त्री. सगळे चेंडू एकाच घडीवर.

आपला अजून तरी व्याही,
क्लोरीन

मुलीच्या वडिलांचं पत्र, ८ जुलै

व्याहीबुवा, नमस्कार.

तुम्हाला घुम्या म्हटलं ते मागे घेतो. रागाच्या भरात माणूस खेळाडूंची नावंही चुकीच्या ठिकाणी वापरतो.

जुळा मान्य, दोन्ही आले तरी मान्य. इस्त्री मान्य. माझ्याकडून डावखुरा टपालवाला, सायकल चालवून चालवून त्याचं मनगट असं झालं होतं की चेंडू कुठे वळणार ते त्यालाही ठाऊक नसायचं. आणि चौथ्या क्रमांकाला पाट्या रंगवणारा पेंटर. तो मोकळी जागा शोधून शोधून मारायचा.

काल रात्री जेवताना मी तिला सरळ विचारलं. काय झालं गं तुमचं? ती म्हणाली, 'बाबा, काही झालं नाही. तेच झालं. मी बोलायचे, तो ऐकायचा. मग मी विचारायचे, काय वाटतं तुला? तो म्हणायचा, तू म्हणशील तसं. चार वर्षं मी म्हणेन तसंच झालं. मग एक दिवस मी काही म्हटलंच नाही, तर त्या दिवशी घरात काहीच झालं नाही.' मी विचारलं, वाईट आहे का तो? ती म्हणाली, 'छे हो. इतका चांगला माणूस मला मिळायचा नाही.' आणि पोळीचा तुकडा मोडून बसून राहिली. मी हात टेकले. वाईट माणसापासून सोडवून आणायचं असतं तर बापाला काहीतरी करता येतं. इथे मी काय करू?

एक मात्र लिहायला हवं. ती हल्ली हसते. तुमच्याकडे हसत नव्हती असं नाही म्हणत, पण हल्ली हसते तेव्हा आधी इकडेतिकडे बघत नाही. विहीणबाईंना हे सांगू नका, त्यांना टोचेल. तुम्हाला सांगितल्यावाचून मला राहवलं नाही.

दहा झाले. शेवटचं नाव तुमचं.

आपला व्याही,
चष्मेवाला

मुलाच्या वडिलांचं पत्र, १६ ऑगस्ट

व्याही, नमस्कार.

टपालवाला आणि पेंटर, दोन्ही मान्य. अकरावा, गोदीच्या हिशेब खात्यातला कासव. ऑफ स्पिन टाकेल आणि कप्तानही तोच. पळायचा नाही, पण चेंडू जिथे यायचा तिथे तो आधीच उभा असायचा. इतके अतरंगी लोक गोळा केल्यावर त्यांना सांभाळायला एक तरी शांत डोकं हवं. तुमची हरकत असेल तर कारण कळवा. नसेल तर अकरा झाले.

चिरंजीव इस्त्री करायला शिकलेत. पहिल्या दिवशी शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. तोच घालून ऑफिसला गेला. ही म्हणाली, बदल रे, लोक हसतील. तो म्हणाला, हसू दे. मला ते आवडलं. त्याने स्वतःहून एवढं तरी म्हटलेलं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

नऊ सप्टेंबर, सकाळी साडेदहा. आम्ही तिघं येऊ. तिथे बोलता येईल असं वाटत नाही.

आपला व्याही,
क्लोरीन

मुलीच्या वडिलांचं पत्र, १४ सप्टेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

हे शेवटचं. निकालानंतर पाच दिवसांनी पाठवतोय, म्हणजे कायद्याबाहेर आहे. पण संघ जाहीर केल्यावाचून निवड समिती उठत नसते, एवढी सूट विहीणबाई देतील.

कोर्टाच्या व्हरांड्यातला तो बाक माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी, मधोमध विहीणबाई पर्स मांडीवर घट्ट धरून. त्यांच्या पाठीमागून तुम्ही उजव्या हाताची बोटं फिरवून ऑफ स्पिनची खूण केलीत आणि भुवया उंचावल्यात. कासव मान्य का, असंच ना? मी मान हलवली. विहीणबाईंना वाटलं मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवलं. आपली पोरं दोघं समोर उभी राहून एकाच बाटलीतलं पाणी प्यायली. आत हाक आली, गेली, मी घड्याळ बघेपर्यंत बाहेरही आली. पाऊस नव्हता, तरी त्याने तिला विचारलं, छत्री आहे ना? ती म्हणाली, आहे. चार वर्षांचा निकाल लागायला एका षटकाइतकाही वेळ लागला नाही.

तर संघ असा. सलामीला तारवाला आणि उधळ्या. मग डॉक्टर, पेंटर, धाकटा जुळा, हमाल. कासव कप्तान. मग कंपाउंडर, टपालवाला, इस्त्री, आणि शेवटी इंजिन. बारावा माणूस म्हणून मी मास्तरला घेतलाय, आता परत पाठवायची सोय नाही. तो पाणी घेऊन जाईल, खडे वेचेल, आणि कुणी विचारलं नाही तरी दिवसभर बसून राहील.

उत्तर पाठवू नका. त्यांचा शब्द मोडू नका. मला तुमची सवय झाली होती. दुकान बंद करताना वाटायचं, आज क्लोरीनला काय लिहावं. आता काही दिवस तसंच वाटेल, मग जाईल. जाणार नाही कदाचित.

चष्मेवाला

मुलाच्या आईचं पत्र, २२ नोव्हेंबर

स. न.

हे पत्र मी यांना न सांगता लिहीत नाहीये. हे समोरच बसलेत आणि पेपर वाचल्याचं सोंग करतायत.

तुमची सगळी पत्रं मी वाचली आहेत. पहिल्यापासून. समिती पाण्याची नाही हे मला पाकीट बघूनच कळलं होतं. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे पोरांचं काहीतरी शिजवताय असं वाटलं, म्हणून वाचायला लागले, आणि शिजत काहीच नव्हतं, नुसते चेंडू. मला क्रिकेटचा कंटाळा आहे असं तुम्ही धरून चालता. मला कुणी कधी विचारलं का? लग्नाआधी मी वीज कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर होते. मागची खिडकी मैदानावर उघडायची आणि रविवारी पाळी माझीच असायची. तुमचे सगळे नमुने मी वरून पाहिलेत. हे टाकीकडून बघायचे, तुम्ही कुंपणाकडून. वरून जास्त दिसतं.

तुमची ती शेवटची यादी यांनी औषधाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. गोळी काढताना मी रोज वाचते. काल वाचता वाचता मोजलं. मग पुन्हा मोजलं. अहो, तुमच्या संघात कीपर कुठे आहे? तुम्ही यांचा परत पाठवलात, यांनी तुमचा, 'शेवटी बघू' म्हणालात, आणि शेवटी कासवाला बसवून मोकळे! इंजिन पळत येऊन चेंडू टाकणार, आणि मागे उभं कोण राहणार? वर्षभर डोकं लावून दोन शहाण्या माणसांनी हे केलं?

मी यांना विचारलं. म्हणाले, 'माहीत आहे.' कधीपासून? 'ऑगस्टपासून.' मग कळवलं का नाही? 'यादी पुरी झाली असती तर पुन्हा लिहायला काही उरलं नसतं.' मग सप्टेंबरनंतर तरी? 'तू नको म्हणाली होतीस.' दोन महिने हा माणूस रोज ते कपाट उघडून बघतोय आणि बंद करतोय, आणि तोंडातून शब्द नाही. कपाळाला हात लावायचा नाही तर काय करायचं? बाप असा, पोरगा असा. परवा कपाटासमोरच मला वाटून गेलं, ती पोर चार वर्षं याच शांततेशी बोलत होती की काय. हे तिला सांगू नका. सांगायचं झालं तर मी सांगेन. आज नाही.

कागदाचाही संबंध नको, हे मी म्हटलं होतं. ते मागे घेतलेलं नाही. हे पत्र क्रिकेटचं आहे.

उत्तर यांच्याच नावाने पाठवा. पाकीट मी फोडते, तेव्हा जपून लिहा. अक्षर मोठं काढा. तुमच्या चष्म्यातून हल्ली पुन्हा धूसर दिसायला लागलंय.

मुलीच्या वडिलांचं पत्र, २७ नोव्हेंबर

विहीणबाई आणि व्याहीबुवा, दोघांना नमस्कार.

अक्षर मोठं काढलंय.

आधी कबुलीची गोष्ट. कीपर नाही हे मलाही माहीत होतं. कासवाचं नाव आलं तेव्हाच मोजलं होतं. कोर्टाच्या बाकावर मान हलवली तीही सगळं माहीत असूनच. वाटलं, चूक तशीच राहू द्यावी, कधीतरी क्लोरीनच्या लक्षात येईल आणि त्यांना लिहावंच लागेल. तेही तिकडे हेच धरून बसले होते म्हणजे! बरं झालं, बोर्डावरच्या बाईंनी जोडून दिलं.

तुमचं पत्र आल्यावर मी कोर्टाचा कागद काढून पुन्हा वाचला. आधी एकदा वाचून कपाटात टाकला होता. त्यात दोघांची नावं आहेत. ती दोघं यापुढे एकमेकांची कुणी नाहीत असं लिहिलंय. आपलं तिघांचं नाव कुठेही नाही. मी मागच्या बाजूलाही बघितलं. तेव्हा मी आपल्याला व्याही आणि विहीणबाईच म्हणणार, ज्याला हरकत असेल त्याने कोर्टात जावं.

नियमाप्रमाणे ज्याने खेळाडू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय त्याला मत आहे. खिडकीतून पाहिलेलंही चालेल. तुम्ही समितीच्या तिसऱ्या सदस्य. घुम्या की पोपट, की वरून आणखी कुणी दिसला होता, ते कारण देऊन कळवा. कारणाशिवाय काही स्वीकारलं जाणार नाही. हे एका पत्रात ठरेल असं मला वाटत नाही.

चष्म्याचं म्हणाल तर नंबर टपालाने कळत नाही, दुकानात यावंच लागेल. शनिवारी येऊ नका, ती हल्ली शनिवारीच दुकानात असते. किंवा शनिवारीच या. ते तुम्ही ठरवा, त्याला मात्र कारण द्यायची गरज नाही.

तुमचा व्याही,
चष्मेवाला